खलबत्त्यातलं पान

आमच्या वाड्यातली थोरली माणसं दातांबद्दल फारसं बोलत नसत. सकाळी न्हाणीच्या दाराशी राखुंडी नाहीतर माकडछाप काळी पावडर, बायकांच्या बोटाला मिसरी, ठणका लागला तर लवंगेच्या तेलाचा बोळा. तेवढ्याने भागलं नाही की दात काढून टाकायचा. रिकाम्या जागी पुन्हा काही बसवायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही नसे. केस पिकतात तसे दात पडतात, असंच सगळे धरून चालले होते.

त्यांच्या खाण्याच्या तऱ्हा आम्हा भावंडांना अजून पाठ आहेत. आजी भाकरीचा पापुद्रा तेवढा स्वतःला ठेवायची, खालची जाड बाजू आमच्या ताटात यायची. विड्याचं पान, कात, चुना, सुपारी ती पितळी खलबत्त्यात कुटायची आणि एकजीव झालं की चिमटीने गालात धरायची. मोठ्या काकू दाण्यांऐवजी कूट खायच्या, चकली चहात भिजवायच्या. हुरड्याला आजोबा आगटीपाशी बसून कणसं चोळायचे, गरम दाणे आमच्या ओंजळीत घालायचे आणि स्वतः गुळाचा खडा चघळायचे. एकेक पदार्थ त्यांच्या ताटातून उठून गेला, पण एकानेही कुरकुर केली नाही.

पुढे काकांनी आजोबांना तालुक्याला नेऊन कवळी करून आणली. लग्नकार्यात, फोटोला ती तोंडात असे. पंगतीला बसले की हळूच रुमालात जाई. पहिल्या वर्षी नीट बसलेली कवळी नंतर हलायला लागली. दात गेला की जबड्याच्या त्या भागातल्या हाडाला चावण्याचा ताण मिळत नाही आणि ते झिजत जातं. सर्वांत जास्त झीज पहिल्या वर्षभरातच होते. हिरडीचा उंचवटा सपाट झाला की कवळीला धरायला जागा उरत नाही. खालची कवळी तर जीभही उचलत राहते. हे आजोबांना कुणी सांगितलं नाही. आपल्यालाच सवय होत नाही, असं ते म्हणत राहिले.

त्याच काळात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक हाडातल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. 1950 च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण त्यांना परत काढता येईना, कारण हाड त्या धातूला घट्ट धरून वाढलं होतं. 1965 मध्ये त्यांनी जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या एका माणसाला टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यावर दात दिले. 2006 मध्ये त्या गृहस्थांचं निधन झालं, तोवर त्या आधारावरच ते जेवत होते.

आमच्या घरात हा उपचार पोचला तो धाकट्या आत्यापर्यंत. तिच्या खालच्या जबड्यात असे दोन स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवले. हाडाने ते धरेपर्यंत काही महिने थांबावं लागलं, मग कवळी त्यांवर टिचबटनासारखी अडकवली. पूर्ण तोंडाला स्क्रूवरचे पक्के दात परवडणारे नव्हते. एवढ्यानेच तिची कवळी जागची हलेनाशी झाली. त्या वर्षी हुरडा तिने त्या कवळीने चावून खाल्ला आणि आजोबांचं नाव काढलं.

इम्प्लांट सगळ्यांना जमतात असं नाही. खर्च मोठा आहे. मधुमेह आटोक्यात हवा, तंबाखू आणि मिसरी सुटायला हवी, हाडाच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी सांगायला हवीत. हाड कमी असेल तर आधी ते भरावं लागतं. बसवल्यावरही रोजची स्वच्छता चुकली तर भोवतीची हिरडी सुजते आणि हाड पुन्हा झिजतं. कुणाला साधी कवळी नव्याने मापात करून घेतली तरी पुरतं. पण हे ठरवायचं ते तपासणीनंतर. वयाकडे बोट दाखवून नव्हे.

आजी-आजोबांसमोर असा पर्यायच नव्हता. आज आपल्या घरांतले सत्तरी-ऐंशीचे लोक तसेच गप्प राहतात. मुलांना खर्चात कशाला पाडायचं, म्हणून. त्यांच्या ताटाकडे नीट बघा. भाकरीचा काठ बाजूला सारलेला दिसला, पेरूची फोड तशीच उरलेली दिसली, तर काय खायचं सोडलंय ते विचारा आणि त्याच आठवड्यात त्यांना दाताच्या डॉक्टरकडे घेऊन जा.