आधी नाव सांगा

दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दिवसभर भाजून निघालेलं चेन्नई मरीनाच्या वाळूत येऊन बसतं. तेंगा-मांगा-पट्टाणी सुंडल विकणाऱ्या पोरांच्या हाका, भाड्याची घोडी, साड्यांचे काठ सावरत पाण्यात पाय भिजवणाऱ्या बायका. तिरुवल्लिकेणी या वस्तीसमोरचा वाळूचा एक तुकडा मराठी माणसाने जरा थांबून पाहावा असा आहे. तो टिळकांच्या नावाने ओळखला जाई. तमिळमध्ये तिलकर तिडल, इंग्रजी कागदांत टिळक घाट. मार्च 1919 मध्ये रौलट कायद्याच्या विरोधात गांधीजी याच किनाऱ्यावर बोलले. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. वारा नेईल तिथवरच आवाज जायचा, पण बोलणारा डोळ्यांना दिसायचा. तो जसा लोकांना दिसायचा तसाच सरकारलाही.

किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत गेलं की सँथोम चर्चचा पांढरा मनोरा दिसू लागतो. या भागात समुद्राखालून आलेल्या केबल्स जमिनीवर चढतात. चेन्नईहून सिंगापूरला जाणारी सुमारे 3200 किलोमीटरची केबल 2002 साली सुरू झाली. नंतरच्या एका केबलची वाट थेट फ्रान्सपर्यंत पोचते. वर मच्छीमारांच्या होड्या डोलत असतात आणि खोल खाली, केसाएवढ्या काचेच्या तंतूंमधून, माणसांचं बोलणं उजेड होऊन धावत असतं. बारशाचे फोटो, ऑफिसची कामं, निवडणुकीवरची भांडणं, अपरात्री कुणाला तरी हासडलेली शिवी, सगळं एकाच वाटेने.

वाळूवरचं ते बोलणं आणि पाण्याखालचं हे बोलणं, मध्ये शंभर वर्षं गेली. सत्तेचा पहिला प्रश्न मात्र तोच राहिला आहे. काय म्हणालात ते मागाहून बघू, आधी नाव सांगा.

इंग्रजांनी 1867 सालीच कायदा करून ठेवला होता: छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचं ठिकाण हवं. त्या कायद्याची धार 1908 साली मुंबई आणि मद्रास या दोन्ही शहरांनी अनुभवली. ‘केसरी’च्या अग्रलेखांखाली सही नसे. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवर खटला भरला गेला तेव्हा टिळकांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच पोलीस मद्रासच्या ‘इंडिया’ साप्ताहिकाकडे वळले. या पत्राचा प्राण होते सुब्रमण्य भारती. टिळकांना गुरुस्थानी मानणारे, सुरतच्या काँग्रेसमध्ये त्यांना भेटून आलेले. पण कागदोपत्री संपादक म्हणून नाव होतं एम. श्रीनिवासन यांचं. भारती फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले. श्रीनिवासन यांना अटक झाली आणि पाच वर्षांची शिक्षा.

या श्रीनिवासनांचा विचार माझ्या मनातून जात नाही. भारती गेले हे तमिळ भाषेचं भाग्य. पाँडिचेरीतल्या त्या वर्षांत त्यांनी जे लिहिलं त्यावर पुढच्या पिढ्या पोसल्या गेल्या. त्यांनी पळायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं नाव कागदावर होतं तो आत गेला. कायद्याला विचार पकडता येत नव्हता, नाव पकडता येत होतं. टिळकांसारखा माणूस आपलं नाव पुढे करून उभा राहतो तेव्हा आपण मान झुकवतो आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येकाकडून टिळकांच्या छातीची अपेक्षा करणं हा लोकशाहीचा पाया होऊ शकत नाही. सामान्य माणसाला बोलता यावं म्हणूनच तर स्वातंत्र्य हवं असतं. असामान्य माणूस त्याच्याशिवायही बोलतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं येऊ लागली. जातिभेदावर, विधवांच्या हालांवर, पुस्तकी भिक्षुकीवर असे कोरडे तोवर मराठीत कुणी ओढले नव्हते. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते आणि पुण्याच्या ज्या समाजात त्यांना उठायचं-बसायचं होतं त्याच समाजाची ते झडती घेत होते. त्या टोपणनावाच्या आडोशाने मराठी गद्याला केवढं धैर्य दिलं! ‘प्रभाकर’चे संपादक भाऊ महाजन यांच्याकडे कुणी लेखकाचं खरं नाव आधी मागितलं असतं, आणि त्यांनी ते दिलं असतं, तर शतपत्रांपैकी किती पत्रं लिहून झाली असती?

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली आणि पहिल्याच वर्षी बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पुन्हा मद्रासमधूनच उठला. रोमेश थापर मुंबईहून ‘क्रॉस रोड्स’ नावाचं डाव्या विचारांचं साप्ताहिक काढत. 11 फेब्रुवारी 1950 ला सेलमच्या तुरुंगात गोळीबार होऊन 22 कम्युनिस्ट कैदी मारले गेले. वातावरण तापलेलं होतं. 1 मार्चला मद्रास सरकारने या साप्ताहिकाला राज्यात यायलाच बंदी केली. थापर सरळ सर्वोच्च न्यायालयात गेले. 26 मे रोजी निकाल लागला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पतंजली शास्त्री हे मद्रासलाच वकिली करून वर गेलेले. राज्याची सुरक्षितताच धोक्यात येत असेल तर गोष्ट वेगळी, पण ‘सार्वजनिक सुरक्षितता’ अशा सैल शब्दाखाली वाणी बांधता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. बंदी उठली. पण जेमतेम वर्षभरानंतर, 1951 च्या जूनमध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ येऊन बसली. निर्बंध वाजवी असावेत ही अटही त्याच वेळी आली, हे विसरता कामा नये. आज कुणाच्या फोनवरच्या चार ओळींसाठी पोलीस दाराशी येतात तेव्हा कोर्टात जे शब्द उच्चारले जातात त्यांचा उगम मुंबईत छापलेल्या आणि मद्रासच्या वेशीवर अडवलेल्या त्या साप्ताहिकात आहे.

पोलीस दाराशी आल्याच्या गोष्टी तर आपल्या अगदी जवळच्या आहेत. ऑक्टोबर 2012 मध्ये पुदुच्चेरीत एका छोट्या उद्योजकाला पहाटे अटक झाली. केंद्रीय मंत्र्यांच्या मुलाबद्दल त्याने ट्विट केलं होतं आणि तेव्हा त्याचं लिहिणं वाचणारे अनुयायी होते 16. ज्या गावाने भारतींना आसरा दिला, तेच हे गाव. पुढच्याच महिन्यात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, आणि बंद कशासाठी असं विचारणारी पालघरची एक मुलगी आणि तिच्या ओळींना नुसता ‘लाइक’ देणारी तिची मैत्रीण, दोघींना पोलिसांनी नेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे कलम यासाठी वापरलं गेलं. 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं आणि निकालात ‘रोमेश थापर’ची आठवण काढली. तरी त्या मेलेल्या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदवले जातच राहिले. 2021 साली न्यायालयाला त्यावर धक्का व्यक्त करावा लागला. कायदा पुस्तकातून जातो, पण ठाण्यातल्या सवयीतून जायला त्याला फार वेळ लागतो.

मरीनाने नाव विचारण्याची सवय एकदा हतबल होताना पाहिली. जानेवारी 2017. जल्लिकट्टू या बैलांच्या खेळावरची बंदी उठवा म्हणून किनाऱ्यावरच्या विवेकानंद इल्लम या वास्तूसमोर 17 तारखेला काही तरुण जमले आणि फोनाफोनी, फेसबुक, व्हॉट्सॲप करत बघता बघता वाळू दिसेनाशी झाली. रात्री दिवे गेले तेव्हा हजारो फोनचे टॉर्च एकदम पेटले. या खेळाबद्दल माझं मत त्या तरुणांसारखं नव्हतं, आजही नाही. पण पक्षांच्या पुढाऱ्यांना त्यांनी व्यासपीठ दिलं नाही, रस्ते स्वतः झाडले, मुली मध्यरात्री निर्धास्त बसून राहिल्या. सरकारला बोलणी करायची होती आणि बोलायला नेता सापडत नव्हता. अध्यादेश निघाला. 23 जानेवारीला पोलिसांनी वाळू रिकामी केली, आइस हाउस पोलीस ठाणं पेटलं, तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्यांत लाठ्या चालल्या. मरीनावर निदर्शनांना तेव्हापासून थारा राहिलेला नाही. ज्या वाळूवर स्वराज्याची भाषणं झाली तिथे आता एखादा फलक घेऊन उभं राहायचं तर पोलीस लगेच हटकतात, याचं मला मनापासून दुःख आहे.

वाळू गेली, उरला फोन. आणि तिथेही तोच प्रश्न येऊन ठेपला. 2018 साली मद्रास उच्च न्यायालयात याचिका आल्या की समाजमाध्यमांवरच्या प्रत्येक खात्याला आधार जोडा. मूळ दुखणं खरं होतं: मुलींची छळवणूक, बदनामी, त्यातून होणाऱ्या आत्महत्या. आधारचा हट्ट न्यायालयाने उचलून धरला नाही, पण विषय वाढत गेला: व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप पहिल्यांदा कुणी लिहिला हे शोधता येईल का? हरणांच्या आणि वडांच्या सावलीतल्या आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी सांगितलं, येईल. निरोपाबरोबर मूळ लिहिणाऱ्याचा नंबर बांधून पाठवायचा. हवा तर तोही कुलपात, आणि न्यायालयाचा आदेश आला की कंपनीने तो उघडायचा. मुंबई आयआयटीचे मनोज प्रभाकरन यांनी याला लेखी उत्तर दिलं. नंबर खोटा घालता येतो. बदललेलं ॲप वापरून एखाद्या निरपराध माणसाला ‘मूळ लेखक’ ठरवता येतं. आणि सराईत गुन्हेगार सहज निसटून जातील, सापडेल तो साधा माणूस.

तंत्र समजून घेतलं की हे उत्तर मला पटतं. दोन फोनांच्या मधल्या निरोपाची किल्ली त्या दोन फोनांतच असते, वाटेतल्या कंपनीकडेही नसते. म्हणून बायको नवऱ्याला, आजारी माणूस डॉक्टरला, बातमीदार आपल्या सूत्राला निर्धास्त लिहितो. एकाला शोधण्यासाठी सगळ्यांच्या निरोपांना नावाची चिठ्ठी जोडायची म्हणजे रोज लिहिल्या जाणाऱ्या कोट्यवधी निर्दोष ओळींवर आधीच संशय घ्यायचा. शिवाय ‘पहिला’ म्हणजे कोण? दुसरीकडून उतरवून पुन्हा टाकणारा पहिला का? तेव्हा मला श्रीनिवासन आठवतात. कागदावर ज्याचं नाव, तो आत.

अभद्र बोलणाऱ्यांची बाजू मला घ्यायची नाही. याच शहरात एका नट-राजकारण्याने महिला पत्रकारांबद्दलचा गलिच्छ मजकूर 2018 मध्ये पुढे पाठवला, न्यायालयाने त्याला कठोर शब्दांत सुनावलं आणि 2024 साली शिक्षाही झाली. ते योग्य झालं. पण त्याला शोधायला कुलपं फोडावी लागली नव्हती; मजकूर त्याच्याच खात्यावर होता. बलात्काराची धमकी मिळालेल्या मुलीची तक्रार ठाण्यात दिवसेंदिवस पडून राहते, ते तंत्रज्ञान अपुरं म्हणून नव्हे. धमकीचा नंबर तिच्याच फोनवर दिसत असतो. तिथे तातडीने जा, त्याच्यावर खटला भरा, ती उभी राहील तोवर तिच्याबरोबर राहा. शब्द तपासा, इजा तपासा, आणि मग नावापर्यंत पोचा. हा क्रम उलटा झाला की शिक्षा इजेला होत नाही, धिटाईला होते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांत मात्र तो उलटा क्रम लिहिला गेला: 50 लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या निरोप-सेवेला सरकारने किंवा न्यायालयाने मागितलं तर ‘पहिला लिहिणारा’ दाखवता आला पाहिजे. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. याच नियमांतल्या माध्यमांविषयीच्या काही कलमांना मुंबईत निखिल वागळे आणि इतरांनी, मद्रासमध्ये गायक टी. एम. कृष्णा यांनी आव्हान दिलं आणि त्या वर्षी दोन्ही उच्च न्यायालयांनी स्थगिती दिली. 1908 मध्ये ही दोन शहरं वृत्तपत्रांवरच्या खटल्यांनी एकमेकांशी बांधली गेली होती; पुन्हा एकदा ती एका कामासाठी शेजारी उभी राहिली, याचं मला फार बरं वाटलं.

नावाचा आडोसा कुणाला लागतो तेही पाहा. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाचं पाणी चढलं आणि उत्तर चेन्नईत एण्णोरच्या खाडीवर तेलाचा काळा थर पसरला. होड्या, जाळी, पाणकोळी, सगळं काळं. अशा वेळी खाडीकाठचा कोळी आपल्या फोनवर फोटो काढतो आणि पुढे पाठवतो. शेजारच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा त्याचा भाऊ आतली एखादी गोष्ट सांगू शकतो, पण त्याचं पोट त्या फाटकाच्या आत आहे. त्याने सांगितलेलं खरं की खोटं हे खाडीच्या पाण्यात उतरून तपासता येतं. त्यासाठी त्याचा नंबर कुणाला लागत नाही.