पुसलेली साक्ष

दोष न सापडणे मी समजू शकतो. परंतु त्या दोषाचा जो एकमेव पुरावा गाडीने आपल्या स्मृतीत जतन करून ठेवला होता, तो कोणी नीट वाचण्यापूर्वीच ‘दिवा घालवून देतो’ असे म्हणत पुसून टाकावा आणि त्या कृत्याची रक्कमही बिलात वेगळी लावावी, याचा संताप माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

नोकरी नांदेडला आणि घर लातूरला, त्यामुळे लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर हा रस्ता आणि ही छोटी डिझेल गाडी या दोहोंशी माझा परिचय जुना. माळेगाव मागे टाकून बालाघाटच्या चढाला लागल्यावर, विशेषतः टाकीतले डिझेल निम्म्याखाली असताना, इंजिन दोन आचके देऊन बंद पडे, समोर पिवळा दिवा लागे, आणि काही वेळ थांबून पुन्हा किल्ली फिरवली की काहीच घडले नसल्यासारखे ते सुरू होई. मागून मालमोटार येत असताना स्टिअरिंग अकस्मात जड व्हावे आणि ब्रेकलाही नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर लागावा, ही अवस्था ज्याने अनुभवली आहे त्याला ‘अधूनमधून बंद पडते’ या शब्दांतील शांतपणा सहन होणार नाही.

सेवाकेंद्रात स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत स्कॅनर लावला गेला आणि पडद्यावर पी ००८७ हा कोड आला. इंधनाच्या सामायिक नळीतील, म्हणजे रेलमधील, दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. फिल्टर तुंबलेला असेल, पंपावरचा झडपनियंत्रक बिघडला असेल, इंजेक्टर डिझेल परत सोडत असतील, पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरत असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलत असेल. कोड ही फिर्याद आहे, फैसला नव्हे. तेथे मात्र फिर्याद दाखल होताच शिक्षा फर्मावण्यात आली : सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी माझ्या हवाली केली.

या पुसण्यापाशी मी मुद्दाम थांबतो. कोड नोंदला जातो त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, गाडीचा वेग किती, पाण्याचे तापमान किती, इंजिनावर भार किती, ही सारी स्थिती संगणक एका चौकटीत गोठवून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही चौकटही नष्ट होते. इंजिन तापलेले होते, वेग बेताचा होता आणि भार मोठा होता, हे तिने सांगितले असते. म्हणजे चढाचाच दाखला तिने दिला असता. पंचनाम्यापूर्वी मुद्देमालाची विल्हेवाट लावणाऱ्या अंमलदाराची खातेनिहाय चौकशी होते. येथे त्याबद्दल पावती मिळाली.

गाडी अर्थातच पुन्हा बंद पडली, आणि आता उच्चदाबाचा पंपच बदलण्याचे, ऐकूनच धसका बसावा असे, अंदाजपत्रक हाती आले. तेव्हा मी ती नांदेडच्या एका डिझेल लॅबच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनीही स्कॅनर लावला, परंतु काही पुसले नाही. मलाच गाडी चालवायला लावून ते शेजारी बसले आणि इंजिनाने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळणारा दाब यांचे आकडे पाहत राहिले. जोर लावताच मागणी हजार बारांच्या वर जाई आणि पुरवठा मध्येच कोसळे. परत आल्यावर त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला. इंजिनाचा वेग वाढवताच पिवळसर डिझेलमधून बारीक बुडबुड्यांची माळ धावू लागली.

“सर, गाडी हवा घ्यायली बघा,” एवढेच ते म्हणाले.

टाकीत विजेचा पंप नसलेल्या या गाडीत इंजिनाकडचा पंपच डिझेल ओढून घेतो; म्हणून क्लिपखाली घासून चिरलेल्या रबरी नळीतून डिझेलचा थेंबही बाहेर येत नव्हता, उलट हवाच आत शिरत होती. टाकीतली पातळी खाली गेली आणि चढ लागला की ओढ वाढे, तसतशी हवाही वाढे. नळी बदलली, हवा काढली. तेव्हापासून गाडी त्या चढावर थांबलेली नाही.

या प्रकारानंतर बरेच दिवस मी यंत्रांना दूषणे देत होतो आणि जुन्या मिस्त्रींचा हात हेच खरे निदान असे सांगत होतो. आता ते मला तितकेसे न्याय्य वाटत नाही. कोडने असत्य काहीच सांगितले नव्हते, आणि त्या आकड्यांवाचून मिस्त्रीही नळीपर्यंत इतक्या लवकर पोचले नसते. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना सक्तीची झालेली ही यंत्रणा मुळात धुरावर पाळत ठेवण्यासाठी जन्मली; कोणती नळी चिरली हे सांगणे तिचे काम कधीच नव्हते. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र स्वतः घ्यावे, फ्रीज फ्रेम पाहिल्याखेरीज कोड पुसू देऊ नये, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा.

मी माझा सेन्सर मागितला, तेव्हा तो भंगारात गेला असे कळले. ज्या तरुणाने कोड पुसला होता त्याला मी फ्रीज फ्रेमविषयी विचारले. ती असते हेच त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि गाडी अमुक वेळात हातावेगळी करण्याचा तगादा त्याच्यामागे होता. त्याच्यावरचा माझा राग तेथेच निवळला. त्याच्या हाती यंत्र देऊन विद्या न देणाऱ्यांवरचा राग मात्र त्या दिवशी वाढला, आणि तो कमी व्हावा असे काही त्यानंतर घडलेले नाही.