पेणच्या टांग्याची घोडी

पेण म्हटले की मुंबईकरांना गणपती आठवतात. मला आठवते ती एक पिंगट घोडी. आता रोह्याला थेट आगगाडी जाते. पण १९५० च्या आगेमागे दिवाळीला आजोळी निघालो की भाऊच्या धक्क्यावरून लाँचने धरमतरला उतरायचे, पेणपर्यंत टांगा करायचा आणि पुढे मोटार गाठायची. टांगेवाल्यांना आम्ही चाचा म्हणत असू.

“चाचा, घोडा मोठा ऐटबाज आहे हं तुमचा!” मी एकदा म्हटले.

“घोडा नाही बाळ, घोडी आहे!” त्यांनी टांगा थांबवला आणि तिचा जबडाच उघडून दाखवला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा. नराला तिथे सुळे येतात, मादीला बहुधा येत नाहीत. म्हणून वयात आलेल्या नराचे दात साधारण ४० आणि मादीचे ३६. (आईने मला आधी हात धुवायला लावले.)

रोह्याला ही विद्या मी आजोबांना ऐकवली. समोर अवचितगड दिसत होता. आजोबांची गाडी लगेच स्वराज्याच्या पागेवर गेली: स्वतःचे घोडे आणील तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसेल तो बारगीर. मग व्याकरण. तो घोडा, ती घोडी, ते शिंगरू. लहान चणीचे ते तट्टू. म्हणींत मात्र नर नाही नि मादीही नाही. ‘घोडे कुठे पेंड खाते’ म्हणा की ‘वरातीमागून घोडे’, सारे नपुंसकलिंगी! आजी लग्न लांबलेल्या मावशीला ‘घोडनवरी’ म्हणे. तेवढा एक शब्द आजोबांना खपत नसे.

पुढच्या दिवाळीला टांग्याला भाड्याचे तट्टू जुंपलेले. घोडी गाभण होती. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे आणि शेवटी शेवटी तिला जुंपता येत नाही. भाडे देऊन हातात काय उरणार? त्यात एस. टी.च्या गाड्या वाढू लागलेल्या.

“मादी झाली तर बरं,” चाचा म्हणाले. “नर झाला तर खच्ची करावा लागेल. अड्ड्यावर घोडीचा वास आला की तो आवरत नाही. उतारू कोण बसवणार?” आईने माझे लक्ष खाडीकडे वळवले. ‘उत्साह खच्ची करणे’ हे वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा आजही मला तो टांग्याचा अड्डा दिसतो.

तिसऱ्या दिवाळीला घोडी पुन्हा टांग्याला होती. मी धावत जाऊन विचारले, “शिंगरू कुठाय?”

“नर झाला. विकला आठवड्यापूर्वी. खच्ची करायला हात होईना.”

पेणपर्यंत चाचा फारसे बोलले नाहीत. घोडी मात्र डोळ्यांवर झापडे असूनही मान वळवून मागे पाहू जाई, आणि एरवी तिच्यावर खेकसणारे चाचा लगाम सैल सोडून बसले होते.