ढील

तेलविहिरीवर आयुष्य गेलं म्हटलं की लोक विचारतात, ‘किती खोल?’ मी सांगायला लागतो ड्रॉवर्क्सबद्दल, आणि त्यांचं लक्ष उडतं. ड्रॉवर्क्स म्हणजे शेवटी रहाटच. कोकणात आमच्या विहिरीतून पोहरा वर यायचा. मुंबई हायवर, जिथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगनं पहिली विहीर खोदली, तिथे शंभर टनांची पाइपांची माळ.

ड्रॉवर्क्सच्या ड्रमवरचा वायर रोप डेरिकच्या, म्हणजे रिगच्या मनोऱ्याच्या, माथ्यावरच्या क्राउन ब्लॉकवरून हुकाच्या ट्रॅव्हलिंग ब्लॉकमध्ये उतरतो, परत वर जातो, असे फेरे घेतो. दहा पदर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १० टन. पण ब्लॉक एक मीटर उचलायला ड्रमला दहा मीटर दोर ओढावा लागतो. शेवटचं टोक खाली पक्कं बांधलेलं. त्या पदराला डेडलाइन म्हणतात, आणि बोलते तीच! वजनाचा काटा तिच्या ताणावर चालतो.

उचलायचं काम मोटर करते. ड्रिलरचं कसब सोडण्यात. माळ लटकती असताना काट्यावर १००, आता ९०, म्हणजे १० टन माळेच्या टोकाला खडक कापणाऱ्या बिटवर. खडक कापला जाईल तसा काटा चढतो. मग ब्रेकच्या दांड्यावरचा हात केसभर सैल करायचा. पतंग उडवलेल्याला ढील समजावून सांगावी लागत नाही. चुनखडकात बिट एकदम मऊ थरात शिरलं की काट्याआधी तळहाताला कळायचं, निदान मला तसं वाटायचं.

असिस्टंट ड्रिलर होतो तेव्हाची गोष्ट. रात्री पाइप बाहेर काढताना माझी नजर खाली पाइप धरून ठेवणाऱ्या स्लिप्सवर, आणि ब्लॉक चढतोच आहे. ड्रमवर दोराचा फेरा जास्त झाला, त्यानं क्राउन सेव्हरची, म्हणजे ब्लॉक क्राउनवर आदळू न देणारी, कळ दाबली, क्लच सुटला, ब्रेक बसला. वर ऐंशी-नव्वद फुटांवर फळीवर उभा टॉपमन बराच वेळ गप्प. ड्रिलरनं मला शिवीही दिली नाही. चहा पाजला आणि म्हणाला, ‘उद्यापासून शिफ्ट सुरू होताना ही कळ तू तपासायची.’

आता डिस्क ब्रेक आले, काचेची केबिन आली. ऑटोड्रिलर माझ्या हातापेक्षा काटा स्थिर धरतो, हे कबूल. तरी रिगवरची पोरं भेटली की मी पहिलं विचारतो, ‘क्राउन सेव्हर तपासलास का रे?’