तीआकाकूचा तास

"आजी, इथे मराठीत नको ना बोलूस!"

शाळेच्या फाटकाशी सोनूनं माझा हात सोडला आणि हळूच हे कानात सांगितलं. मी फक्त "डबा संपवलास का रे?" एवढंच विचारलं होतं. पण त्याचे मित्र मागून येत होते ना! मी आपली गप्प बसले. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मुलांनो, ही गोष्ट 2022 सालच्या सप्टेंबरातली. मी पुण्याहून अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, सॅन अँटोनियो या शहरात माझ्या मुलांकडे राहायला गेले होते. दोन्ही मुलगे तिथेच असतात, एकाच गल्लीत. सोनू थोरल्याचा मुलगा, तेव्हा चौथीत होता. धाकट्याची बायको मेक्सिकोची. तिच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचलंत तर तुम्ही 'ओआक्साका' म्हणाल, पण त्याचा उच्चार आहे 'वाहाका'. लग्न करून ती या देशात आली आणि आमच्या घरातही आली.

सोनू तिला 'तीआकाकू' म्हणतो. मला वाटायचं, तीआ हे तिचं लाडाचं नाव असेल. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर मला कळलं, की स्पॅनिश भाषेत 'तीआ' म्हणजेच काकू! मावशी, आत्या आणि मामीसुद्धा तीआच. म्हणजे आमचा पोरगा इतके दिवस तिला 'काकूकाकू' म्हणत होता. मला खूप हसू आलं. मग जरा लाजही वाटली. तिनं सहा वर्षांत 'आई, चहा टाकू?', 'पुरे', 'फार उकडतंय' हे सगळं शिकून घेतलं होतं. मी मात्र तिच्या भाषेतला एक शब्दही शिकले नव्हते.

त्या दिवशी सोनूचं दप्तर आवरताना तळाशी एक चुरगळलेला कागद सापडला. शाळेची सूचना होती. अमेरिकेत दरवर्षी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा महिना स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या वारशाचा म्हणून साजरा करतात. त्यानिमित्त, घरात कुणी स्पॅनिश बोलणारं असेल तर त्यांनी वर्गावर येऊन एक तास घ्यावा, असं बाईंनी कळवलं होतं.

"काकूला दाखवलास का हा कागद?" मी विचारलं.

"नाही. ती नको. तिचं इंग्रजी कसंतरीच आहे. सगळे हसतील."

हे तो मराठीत बोलला. आता काकूला मराठी कळतं, हे तो विसरलाच! ती स्वयंपाकघरात तोर्तिया लाटत, नव्हे दाबत होती. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरीच म्हणा ना. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, मग धुऊन वाटायचा. तिची आजी तो दगडावर वाटायची, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखा. काकूचा हात क्षणभर थांबला. मग तिनं गॅस बंद केला आणि सोनूजवळ येऊन बसली. धाकटाही तेवढ्यात आला होता. ती थोडं इंग्रजी, थोडं स्पॅनिश बोलत होती आणि तो मला समजावून सांगत होता.

ती म्हणाली, "मागच्या वर्षी आम्ही मार्फाला गेलो होतो. तिथल्या एका शाळेची गोष्ट सांगते."

मार्फा हे पश्चिम टेक्ससमधलं लहानसं गाव. तिथे मेक्सिकन घरांतल्या मुलांसाठी वेगळी शाळा होती, ब्लॅकवेल शाळा. शाळेत स्पॅनिश बोलायला बंदी. 1954 साली तिथे काय झालं असेल? मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. 'मी शाळेत स्पॅनिश बोलणार नाही' अशा अर्थाचं त्यांवर लिहायला लावलं. मग त्या चिठ्ठ्या एका पेटीत घातल्या आणि शाळेच्या आवारात खड्डा खणून पुरल्या. माणसाचा करतात तसा भाषेचा अंत्यविधी केला! ज्या भाषेत आईनं अंगाई म्हटली, तिला मुलांच्या हातूनच मूठमाती द्यायला लावली. आणि हे कुठे, तर जिथे इंग्रजीच्याही आधी स्पॅनिश पोचली होती त्या टेक्ससमध्ये! सॅन अँटोनियो हे नावसुद्धा स्पॅनिशच आहे.

सोनू डोळे मोठे करून ऐकत होता.

काकूनं टेबलावरचा एक कोरा कागद आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. "मला कुणी बंदी केलेली नाही," ती म्हणाली. "पण मी येऊ नये असं तुला वाटत असेल तर नाही येणार. फक्त एक कर. 'काकू माझ्या वर्गात स्पॅनिश बोलणार नाही', असं तुझ्या हातानं लिहून दे."

ती रागावली नव्हती, पण तिचा आवाज जड झाला होता. सोनूनं पेन्सिल उचलली. बराच वेळ तशीच हातात धरली. मग खाली ठेवून म्हणाला, "शुक्रवारी आहे. दहा वाजता."

शुक्रवारी मीही मागच्या बाकावर जाऊन बसले. काकूनं फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि त्याच्या सुरुवातीलाच एक प्रश्नचिन्ह काढलं, तेही उलटं! मुलं खुदखुदली. काकूही हसली. ती म्हणाली, "स्पॅनिशमध्ये प्रश्न येतोय हे आधीच सांगतात, म्हणजे वाचणारा तयार राहतो." ही पद्धत 1754 पासूनची आहे बरं का!

मग तिनं सांगितलं, की चंद्र म्हणजे 'लूना' आणि ती मुलगी आहे, स्त्रीलिंगी. सूर्य म्हणजे 'सोल', तो मुलगा. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना काही हे पटेना. चंद्र मुलगी कशी असेल? पुढे ती म्हणाली, की मित्राला 'तू' म्हणायचं आणि मोठ्या माणसाला 'उस्तेद'.

एवढ्यात सोनूचा हात वर! "आमच्या भाषेतपण असंच असतं! आम्हीपण मित्राला 'तू'च म्हणतो. आणि मोठ्यांना 'तुम्ही'. पण आमचा चंद्र मुलगा आहे. तो मामा आहे!"

वर्गात हशा पिकला. पण कुणी कुणाला हसत नव्हतं. हा निराळाच हशा होता. बाईंनी सोनूला फळ्यावर 'तू' लिहायला सांगितलं. त्यानं ठसठशीत देवनागरीत लिहिलं. दोन भाषांतला एकच शब्द शेजारी शेजारी! हा काही योगायोग नाही. स्पॅनिश लॅटिनपासून आली, मराठीचं मूळ संस्कृतात. आणि लॅटिन, संस्कृत या एकाच प्राचीन कुळातल्या.

"आणि तुमच्याबरोबर आलेल्या त्या कोण?" एका मुलीनं विचारलं. सोनूनं फळ्यावर इंग्रजी अक्षरांत 'आजी' लिहिलं, ए, जे, आय. पेरू देशातून आलेल्या घरातला एक मुलगा एकदम ओरडला, "आही! आही म्हणजे मिरची!"

स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'ह' होतो आणि दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मिरचीला आही म्हणतात. झालं! त्या दिवसापासून मी अख्ख्या वर्गाची मिरचीआजी झाले. नाव शोभतंही म्हणा. मिरची मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज लोकांबरोबर ती आपल्याकडे आली आणि आपलीच होऊन गेली. तीआकाकूसारखी.

घरी आता आम्हा तिघांचा नवा खेळ सुरू झाला, जुळे शब्द शोधायचा. साबण आणि हाबोन. पगार आणि पागार, म्हणजे पैसे चुकते करणं. मेस्त्री आणि माएस्त्रो. पगार आणि मेस्त्री हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीणच. पुण्याला परतेपर्यंत माझ्या वहीत 43 स्पॅनिश शब्द जमले होते.

त्याच वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये, मार्फाची ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याचा कायदा झाला. त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तर 2007 सालीच एकत्र जमून, पुरलेली भाषा प्रतीक म्हणून पुन्हा वर काढली होती. ही बातमी काकूनंच मला सांगितली. मराठीत, जरा अडखळत. मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

आणि फाटकाशी? त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी मी मुद्दाम तोंड मिटून उभी होते. सोनू मित्रांच्या घोळक्यातून धावत आला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "आजी, डबा संपवला गं! उद्या थालीपीठ दे. आणि दोन जास्त दे, यांनापण हवंय."