अँटवर्पचा सूर्यास्त

मानवतच्या बाजारपेठेत कापसाचा व्यापार करणाऱ्या घरातील वडीलधारी मंडळी प्रथमच बेल्जियममधील अँटवर्पला निघतात, तेव्हा सामानाच्या यादीआधी तेथील सूर्योदय-सूर्यास्ताचे कोष्टक हाती असावे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री सुमारे १० वाजता मावळतो. डिसेंबरात सायंकाळी पावणेपाचच्या आतच. मानवतच्या सवयीने पाळलेला चौविहार तेथे सहज चुकतो. हिवाळ्यात सूर्योदयच पावणेनऊच्या सुमारास होतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी. म्हणजे दोन्ही वेळचे भोजन जेमतेम सात तासांत आटोपावे लागते, आणि नगरदर्शन त्याच बेताने आखावे लागते.

१९०५ मधील भव्य रेल्वे स्थानकाला लागूनच हिऱ्यांची पेठ आहे. जुन्या नगरात वाट चुकल्यास १२३ मीटर उंच कॅथेड्रलचा मनोरा दिशा दाखवतो. प्लांतँ-मोरेतुस हे प्राचीन छापखान्याचे संग्रहालय पाहावे. सोमवारी मात्र ते बंद असते.

खाण्यापूर्वी विचारण्यात संकोच नसावा. तेथील तळलेले बटाटे परंपरेने गोवंशाच्या चरबीत तळले जातात. चॉकलेटमध्ये मद्य, चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असू शकते.

विल्राइक उपनगरात संगमरवरी जिनालय आहे. दर्शनाच्या वेळा आणि शुद्ध आहाराची सोय घरातील धाकट्यांनी निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी. मग परमुलुखात वडिलांना उपाशीही राहावे लागत नाही आणि आयुष्यभर सांभाळलेला नियमही मोडावा लागत नाही.