‘ऐकत नाही’ हा शब्द बंद!

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत शिकवणारे आपण सगळे हौशी. कोणी आयटीत, कोणी बँकेत, कोणी घर सांभाळून येणारी. बाराखडी येते आणि मुलं आवडतात, एवढ्या भांडवलावर आपण रविवारी सकाळी मार्कर हातात घेतो. मी मात्र सोमवार ते शुक्रवार इथल्या एका पब्लिक स्कूलमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या वर्गावर असते. त्यामुळे गेल्या वर्षी “आपल्या शिक्षकांनाही थोडं शिकव ना,” अशी फर्माईश झाली.

निमित्त होतं सात वर्षांचा एक मुलगा. त्याला ऑटिझम आहे. तो वर्गातून उठून पळायचा. त्याची आई एक दिवस म्हणाली, “ताई, काढूनच घेते त्याला. सगळ्यांना त्रास. शिवाय लोक म्हणतात, घरी फक्त इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळेल.” त्याची आजी साताऱ्याला. तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. मराठी सुटली असती तर आजीही सुटली असती! खरं तर दोन भाषांमुळे अशा मुलांचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला, म्हणून इथल्या पब्लिक स्कूलमध्ये अशा मुलांना २१ वर्षांपर्यंत मोफत आणि योग्य शिक्षण मिळतं. प्रत्येकाचा स्वतंत्र आराखडा, म्हणजे आय.ई.पी., बनतो आणि तो ठरवताना आईवडीलही टेबलाशी बसतात. आपल्या रविवारच्या शाळेला मात्र असा आराखडा करून देणारं कोणी नाही. तिथे आपणच शिकायचं.

आम्ही तीन शनिवार जमलो. पहिला नियम केला, ‘ऐकत नाही’ हा शब्द बंद. त्याऐवजी वहीत तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. चार रविवारच्या नोंदींवरून कळलं, की समूहगीत सुरू झालं की तो पळतो. बेसमेंटच्या हॉलमध्ये पेटी आणि टाळ्या फार घुमतात. मग त्याची खुर्ची दाराजवळ आली, कानांवर हेडफोन आले आणि भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लागलं. पुढे काय होणार हे कळलं, की मुलं निम्मी शांत होतात.

दुसरं, प्रश्न विचारून मनात पाच अंक मोजायचे. आपण मराठी माणसं शांतता सहन करत नाही, लगेच उत्तर पुरवतो!

तिसरं, आपल्या लिपीचं. ‘कि’ बोलताना आधी क, मग इ; पण कागदावर वेलांटी क च्या आधी. घ-ध, भ-म दिसायला जुळे भाऊ. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हे किती जड जात असेल! म्हणून वेलांट्या, मात्रा रंगीत केल्या. फायदा सगळ्या वर्गालाच झाला.

तो मुलगा अजून समूहगीतात उभा राहत नाही. पण शाळेत येतो आणि फोनवर आजीला “पोहे खाल्ले” एवढं सांगतो. आजी तेवढ्यावर आठवडा काढते.

पालकहो, प्रवेशाच्या फॉर्मवर मुलाची अडचण मोकळेपणाने लिहा. ‘लोक काय म्हणतील’ हे ओझं तरी सामानातून इथे आणायला नको होतं. आणि शिक्षकांनो, शाळा सुरू होण्याआधी पुन्हा तीन शनिवार जमतो आहोत. चहा माझ्याकडे!